एक दशांशाची दशा

वाईला सुट्टीत आलेला भाचा संगणक उघडून म्हणाला, "मामा, हा तुमच्या पावकी-निमकीहून हुशार!" म्हटलं, "मग ०.१चा अपूर्णांक कर." त्याच्या पायथन भाषेनं लिहिलं: ३६०२८७९७०१८९६३९७ छेद ३६०२८७९७०१८९६३९६८. एक दशांशाची ही दशा!

टीकाकार म्हणून सांगतो, लेखक प्रामाणिक आहे. गंमत म्हणजे, त्याला येते ती फक्त पावकी-निमकीच! अर्धा, पाव, अर्धपाव, असं तो निम्म्याचं निम्मं करत जातो. त्यात दशांश नेमका कधीच बसत नाही. मग जवळपासचं काही साठवतो आणि विचारलं की साठवलेलं जसंच्या तसं ओततो. आपल्याला काय म्हणायचं होतं, ते त्याच्या गावीही नसतं.

भाच्यानं छेदाला दहा लाखांची मर्यादा घातली. लगेच १/१०! विश्वकोशाच्या गावात संपादकाच्या कात्रीचं महत्त्व काय सांगावं? भास्कराचार्यांनी 'लीलावती'त परीघ काढायला व्यासाची ३९२७/१२५० पट सूक्ष्म म्हटली आणि व्यवहाराला २२/७ दिली. सूक्ष्म ठाऊक असून स्थूलावर थांबणं, हे खरं गणित.

"थांबायचं कुठं, हे यंत्राला माणसानं सांगावं लागतं," मी म्हणालो.

"मामा, तुम्हालाही," भाचा म्हणाला.

थांबलो.