दहा गळे, एक हात

गाणे कोणाचे, असे विचारले की आपण गायकाचे नाव सांगतो. पेटीवाल्याचे नाव कार्यक्रमपत्रिकेत तळाशी बारीक टाइपात असते, आणि मैफल संपल्यावर तेही कोणाच्या ध्यानात राहत नाही. हेवी मेटल नावाच्या पाश्चात्त्य संगीतप्रकारात गिटारवादकाला मान मोठा. तरी तिथेही लोकांच्या ओठांवर राहतो तो गायकच. म्हणूनच टोनी आयोमी याचा ‘आयोमी’ हा २००० सालचा अल्बम मला विचार करण्याजोगा वाटतो. त्यात गाणी दहा, गायक दहा, आणि मुख्य गिटार मात्र एकाचीच. गायक पाहुणा आणि साथीदार यजमान, असा हा उलटा मांडलेला पाट आहे.

आयोमी हा इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरातला, जन्म १९४८ चा. सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यातल्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे केली, त्यांवर चामडे चिकटवले, आणि दाबायला सोप्या अशा हलक्या तारा लावल्या. पुढे ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ या १९७१ च्या अल्बमात त्याने काही गाण्यांसाठी गिटार दीड स्वराने खाली उतरवून लावली. तारा सैल झाल्या, दुखऱ्या बोटांना आराम मिळाला आणि नाद मात्र अधिक जड झाला. ब्लॅक सॅबथ या त्याच्या वाद्यवृंदाची ओळख ठरलेला तो घनगंभीर आवाज काही अंशी या तडजोडीतून आला आहे.

स्वतःच्या नावाने अल्बम काढण्याचा प्रयत्न त्याने पूर्वीही केला होता. १९८६ चा ‘सेव्हन्थ स्टार’ वेगवेगळे गायक घेऊन करायचा मूळ विचार होता. प्रत्यक्षात गायला एकटा ग्लेन ह्यूज, आणि ध्वनिमुद्रिका कंपनीच्या आग्रहामुळे मुखपृष्ठावर ब्लॅक सॅबथचे नाव आले. आयोमीचे नाव त्याला जोडून. घर बांधणाऱ्यालाच दारावर पाटी लावता येऊ नये, तसा हा प्रकार. ती पाटी लागायला पुढे चौदा वर्षे गेली.

आता प्रश्न असा की दहा निरनिराळ्या गळ्यांत यजमान हरवतो की सापडतो? माझे उत्तर ‘सापडतो’ असे आहे, पण सर्वत्र नाही. या संगीताचा कणा म्हणजे ‘रिफ’: पुन्हा पुन्हा येणारा, मुखड्यासारखा छोटा स्वरसमूह. आयोमीचा रिफ दोन आवर्तनांत ओळखू येतो. पहिल्या गाण्यात हेन्री रोलिन्स गाण्यापेक्षा बजावून सांगतो अधिक. दुसऱ्यात स्किन ही गायिका हळुवारपणातून एकदम उसळी घेते. आठव्यात पीटर स्टील तळघरातून यावा तशा खर्जात गातो. तिघांचे स्वभाव तीन दिशांना, पण खालची जमीन एकच. भीमसेन जोशींची अभंगवाणी आणि कन्नड दासवाणी दोन्ही ऐकत वाढलेल्या आपल्या भागातल्या कानांना हे नवे नाही. भाषा बदलली तरी सूर कोणाचा, हे आपल्याला सांगावे लागत नाही.

मला सर्वांत मोठे वाटते ते बिली कॉर्गनचे ‘ब्लॅक ऑब्लिव्हियन’. आठ मिनिटांहून लांब असलेल्या या गाण्यात लय अनेकदा मोडते, थांबते, नव्याने उभी राहते. आणि कॉर्गनचा काहीसा नाकातला, किरकिरा आवाज त्या वजनाखाली दबत नाही. याउलट नवव्या गाण्यात जुना सोबती ऑझी ऑसबोर्न गातो, ड्रमवर जुनाच बिल वॉर्ड आहे. हे गाणे चाहत्यांना हमखास आवडते, मलाही आवडते. पण त्यात नवे असे फारसे घडत नाही. माहेरी आल्यासारखे सुख आहे, इतकेच.

दोष सांगितले पाहिजेत. निर्माता बॉब मार्लेट याने सगळ्या गाण्यांवर त्या काळचा गुळगुळीत, यांत्रिक मुलामा चढवला आहे. तो आज जुना वाटतो. सत्तरच्या दशकातले ओबडधोबड ध्वनिमुद्रण मात्र तसे वाटत नाही. शिवाय यजमान फार भिडस्त आहे. पाहुण्यांचे पान वाढता वाढता स्वतः जेवायचे राहावे, तसे गिटारचे स्वतंत्र वादन काही ठिकाणी घाईत आटोपते. ज्याच्या नावाची पाटी, त्याने अधिक वेळ बोलायला हवे होते. आणि दहांत स्त्रीचा आवाज एकच, तोही इतका परिणामकारक असताना, हे खटकते.

पीटर स्टील २०१० मध्ये गेला. ५ जुलै २०२५ रोजी ब्लॅक सॅबथने बर्मिंगहॅममध्येच शेवटचा कार्यक्रम केला, आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला ऑझी गेला. त्यामुळे हा अल्बम आता वेगळा ऐकू येतो. गायक हा या संगीतात खरोखरच पाहुणा ठरला, हे कटू सत्य त्यात आपोआप उतरले आहे.

घरात मुले हे संगीत लावतात तेव्हा ‘काय हा गोंगाट’ म्हणून दार लोटून घेणाऱ्या वडीलधाऱ्यांना माझी एक विनंती आहे. शब्द सोडून द्या, किंकाळ्याही सोडून द्या. दुसरे, सहावे आणि आठवे गाणे लागोपाठ लावा आणि फक्त गिटारच्या खालच्या तारांकडे कान द्या. तिन्ही वेळा तोच हात वाजवतो आहे, हे आपल्याला कोणी न सांगता कळेल. आवडलेच पाहिजे असे नाही. पण मग नापसंतीसुद्धा ऐकून दिलेली असेल.