माळ्यावरची नवरी

कॅलिफोर्नियात, अ‍ॅनाहाइमच्या डिस्नीलँडमध्ये हाँटेड मॅन्शन नावाचा भुतांचा वाडा आहे. २०२५च्या जानेवारीत या वाड्याच्या पोटमाळ्यावरची नवरी बदलली. २००६पासून तिथे कॉन्स्टन्स हॅचअवे उभी होती. पाच नवऱ्यांची मुंडकी उडवून श्रीमंत झालेली, हातात कुऱ्हाड, तोंडी लग्नाच्या शपथांवरच्या कोट्या. ती गेली आणि तिच्या जागी आली एक अबोल नवरी. हातात मेणबत्ती, आणि पांढऱ्या पोशाखाआडून धडधडताना दिसणारं लाल हृदय. चाहत्यांत लगेच दोन तट पडले. कॉन्स्टन्सबरोबर लहानाची मोठी झालेली पिढी हळहळली, आणि १९६९ सालची नवरी पाहिलेल्या, निदान तिच्याबद्दल ऐकलेल्या मंडळींना न्याय मिळाल्यासारखं वाटलं.

जुनं की नवं, या चालीवर हा वाद चालतो तेव्हा त्यातलं खरं मर्म हातून सुटतं. हा वाडा एका क्रमाने रचलेला आहे. कोणताही बदल त्या क्रमात नेमका कुठे बसतो, यावर त्याचं बरंवाईट ठरतं. त्यासाठी आधी वाडा नीट पाहायला हवा.

वाड्याचं बाह्यरूप १९६३ सालीच उभं राहिलं, पण दारं उघडली ती ९ ऑगस्ट १९६९ रोजी. मधल्या काळात न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्याच्या कामांनी कलाकारांना ओढून नेलं आणि डिसेंबर १९६६मध्ये खुद्द वॉल्ट डिस्नी गेले. मागे राहिलेल्यांत दोन मतं होती. क्लॉड कोट्स हा पार्श्वभूमी रंगवणारा चित्रकार. त्याला वाडा भेसूर हवा होता. मार्क डेव्हिस हा व्यक्तिरेखांचा अ‍ॅनिमेटर, त्याला भुतांच्या गमतीजमती हव्या होत्या. संहिता आणि गाण्याचे शब्द लिहिणाऱ्या एक्स अटेन्सिओने दोघांनाही एकाच वाटेवर बसवलं. पूर्वार्ध कोट्सचा, उत्तरार्ध डेव्हिसचा.

आपल्या साहित्यशास्त्राने हास्य आणि भयानक हे परस्परविरोधी रस मानले. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त त्यांचा विरोध स्पष्ट नोंदवला आहे. एकाच प्रसंगात दोन्ही आणले तर एक दुसऱ्याला मारतो, हा त्यामागचा अनुभव. मात्र असे रस एकामागून एक यावेत, मध्ये काही अंतर असावं, म्हणजे विरोध निवळतो, अशी वाटही शास्त्राने दाखवलेली आहे. हाँटेड मॅन्शनचा सारा डौल या अंतरात आहे.

बंगळुरूत राहणाऱ्याला हे मिश्रण परकं वाटू नये. नव्वदच्या दशकात इथल्या वस्त्यांमध्ये दारांवर ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, असं लिहिलेलं असायचं. रात्री एक बाई ओळखीच्या आवाजात हाक मारत दार ठोठावते, अशी वदंता होती. ती नवऱ्याच्या शोधात फिरणारी नवरी आहे, असंही काही जण सांगत. तिला हाकलायचं नाही, तिच्याशी भांडायचं नाही, फक्त उद्यावर टाकायचं. ती वाचते, परत जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वाचते. भीती खरी असते आणि तिच्यावरच्या तोडग्याला हसूही येतं. पण दोन्ही एका क्षणी होत नाही. आधी दारावरची थाप, मग खडूची अक्षरं.

आता वाड्यात शिरू. पहिल्या खोलीत शिरलं की भिंती उंच होत जातात. चार तसबिरी लांबत जातात आणि प्रत्येकीत खालच्या बाजूला तिच्या माणसावरचं संकट उघडं पडतं. छत्री घेतलेली नाजूक मुलगी मगरीच्या जबड्यावर ताणलेल्या दोरावर उभी असते. डिस्नीलँडमध्ये ही खोली म्हणजे चक्क लिफ्ट आहे. खरी राइड बागेच्या बांधाबाहेरच्या इमारतीत असल्यामुळे प्रेक्षकांना आगगाडीच्या रुळांखालून न्यावं लागतं, म्हणून आधी खाली उतरवतात. इमारतीची अडचण होती, तिचा प्रयोग झाला.

पुढे ‘डूम बग्गी’त बसायचं. एकापाठोपाठ अखंड सरकणाऱ्या या बग्ग्या हव्या त्या दिशेला वळतात, आणि दिग्दर्शकाने कॅमेरा फिरवावा तशी आपली नजर फिरवतात. या पूर्वार्धात भूत असं एकही धड दिसत नाही. न संपणाऱ्या बोळात मेणबत्त्यांचं झाड अधांतरी तरंगतं, पण ते धरणारा हात नाही. शवपेटीचं झाकण आतून उचललं जातं, बाहेर काढा म्हणून आवाज येतो (तो अटेन्सिओचाच), आणि दिसतात फक्त बोटं. बंद दारं श्वास घेतल्यासारखी फुगतात. तेरा आकड्यांच्या घड्याळाचे काटे गरगर फिरतात. कोट्सचं सगळं कसब न दाखवण्यात आहे. प्रेक्षक स्वतःच्या मनातली भुतं त्या रिकाम्या जागी आणून बसवतो.

मग येते मादाम लिओटा. काचगोळ्यात नुसतं डोकं, भोवती हवेत फिरणारी वाद्यं. ती मंत्र म्हणून आत्म्यांना रूप घ्यायला बोलावते. इथून पुढे भुतं दिसू लागतात, आधी नाही. ही वाड्याची घटना आहे, कायद्याच्या अर्थाने.

पुढचं दिवाणखान्याचं दृश्य मला या राइडचा कळस वाटतं. वरच्या सज्जातून आपण खाली पाहतो. टेबलावर वाढदिवसाची मेजवानी चालू आहे, जोडपी वॉल्ट्झ नाचत आहेत, आणि सगळी पारदर्शक. मागची खुर्ची त्यांच्यातून आरपार दिसते. ही युक्ती १८६२ सालची. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी हेन्री डर्क्स यांच्या कल्पनेवरून ती रंगमंचावर आणली, म्हणून तिला पेपरचं भूत म्हणतात. आपल्यासमोर प्रचंड काच असते, पण ती दिसत नाही. खरे यांत्रिक पुतळे आपल्या वाटेच्या वर आणि खाली काळोखात असतात. त्यांच्यावर उजेड पडला की प्रतिबिंब काचेवर उमटतं, उजेड गेला की भूत गेलं. बारकाईने पाहिलं तर नाचात पुरुषांऐवजी बायका पुढाकार घेताना दिसतात. प्रतिबिंबात डावं-उजवं उलटतं, त्याचा हा परिणाम. सगळ्यात जुनं तंत्र वापरलेलं हे दृश्य आजही सर्वांत ताजं आहे, कारण पुतळा आपल्यासारखाच त्या जागेत खराखुरा फिरत असतो.

त्यानंतर पोटमाळा, आणि माळ्याच्या खिडकीतून बग्गी पाठमोरी खाली स्मशानात उतरते. तिथे नुसती धमाल. अर्धपुतळे गातात, भुतं चहा पितात. थरथरणारा रखवालदार आणि त्याचा खंगलेला कुत्रा हे तिथले तेवढे जिवंत. शेवटी आरशात तीन भुतांपैकी एक आपल्याच बग्गीत चढून बसलेलं दिसतं. वाड्यात ९९९ भुतं आहेत आणि आणखी एकाला जागा आहे, हे सुरुवातीला ऐकलेलं असतं. त्याचा हिशेब इथे लागतो.

म्हणजे पोटमाळा हा सांधा आहे. दिवाणखान्यात भुतं दिसली तरी ती दूर, काचेपलीकडे होती. स्मशानात ती अंगाशी येतात, आणि हसवतात. या दोहोंमध्ये पुन्हा एकदा काळीज चरकलं पाहिजे, तरच नंतरचं हसू मोकळं होतं. १९६९ची नवरी नेमकं हेच करायची. ती कोण, कशाने मेली, कोणाची वाट पाहते, काही सांगायची नाही. नुसते हृदयाचे ठोके. आपल्या छातीतला आवाज आणि तिच्या छातीतला आवाज एक होत असे.

कॉन्स्टन्सने या जागी गोष्ट आणली. कारागिरी उत्तम होती. तसबिरींतले नवरे एकेक करून मुंडकं गमावत, आणि तिचा प्रक्षेपित चेहरा झकास बोलायचा. पण ती कोटी करते तेव्हा हशा स्मशानाच्या आधीच वसूल होतो. उत्तरार्ध एक दालन अलीकडे सरकतो आणि मधलं अंतर बुजतं. डिस्नीच्या किम अर्व्हिन यांनी बदलाचं कारण देताना, बायकोने नवऱ्यांची मुंडकी उडवल्याचा सोहळा आता बरा वाटत नाही, अशा अर्थाचं सांगितलं. काचगोळ्यात जिचा चेहरा दिसतो त्या लिओटा टूम्ब्स यांच्या त्या कन्या, तेव्हा या घरावर त्यांचा अधिकार आहे. तरीही त्यांच्या निर्णयाचं समर्थन मी वेगळ्या कारणासाठी करतो. कुऱ्हाड क्रूर होती म्हणून कॉन्स्टन्स अस्थानी नव्हती. पहिल्याच खोलीत मगरीचा जबडा आहेच. ती बोलत होती म्हणून अस्थानी होती.

हीच कसोटी हॅटबॉक्स घोस्टला लावावी. हे म्हातारं भूत १९६९ साली नवरीच्या समोर होतं. खांद्यावरचं डोकं नाहीसं होऊन हातातल्या टोपीच्या खोक्यात उमटायचं. बग्ग्या इतक्या जवळून जायच्या की खांद्यावरचं डोकं पुरतं लपत नसे, म्हणून उद्घाटनानंतर लवकरच ते काढलं. चाहत्यांनी त्याची आठवण पिढ्यान्‌पिढ्या जपली आणि मे २०१५मध्ये ते पोटमाळ्यावर परतलं. तंत्र पूर्ण नवं, जागा मात्र सांध्याचीच. कुणी कुरकुरलं नाही, यात नवल नाही.

फ्लॉरिडाच्या १९७१ सालच्या वाड्यात तेच भूत नोव्हेंबर २०२३मध्ये आलं, पण न संपणाऱ्या बोळापाशी. म्हणजे लिओटाने हाक मारण्याआधी! भूत तेच, कारागिरीही तोलामोलाची, आणि तरी चाहते नाराज झाले. त्यांना केवळ जुन्याचे भक्त म्हणणं अन्यायाचं आहे. तिथे मेणबत्त्यांचं झाड कोण धरतंय हा प्रश्न आपल्याला पडायला हवा असतो, आणि त्याच वेळी शेजारी एक भूत समोर उभं राहून हसतं. कोट्सने राखलेली रिकामी जागा भरून जाते, आणि मंत्राने भुतं प्रकटण्यात नवलाई उरत नाही.

म्हणून वाडा गोठवून ठेवा, असं मी म्हणणार नाही. पुतळे झिजतात, दिवे बदलतात, पडद्यावरचे चेहरे जुने होतात, आणि १९६९चा वाडाही तीन-चार हातांच्या तडजोडीतूनच घडला. डिस्नीलँडमध्ये २००१पासून जवळपास दरवर्षी हॅलोविन आणि नाताळाच्या हंगामात सगळा वाडा एका चित्रपटाच्या वेषात जातो आणि जानेवारीत परत येतो. त्याने मूळ रचनेला धक्का लागत नाही. नव्या नवरीचा पोशाख, मेणबत्ती, प्रकाशयोजना सारं आजचं आहे आणि तरी ती जुनी वाटते, कारण तिला तिचं काम परत मिळालं. फ्लॉरिडातल्या हॅटबॉक्स घोस्टलाही माळ्यावर हलवावं. चाहत्यांची ही मागणी रास्त आहे, आणि ती जुन्या आठवणींपेक्षा रचनेच्या जाणिवेतून आलेली आहे. पुढे कधी वाड्यात नवं भूत आणायचं झालं, तर ते किती खरं दिसतं याच्या आधी ते लिओटाच्या अलीकडे उभं राहणार की पलीकडे, हे ठरवावं.