डुप्लिकेटचा मुखवटा

इटलीत १९६०च्या दशकात निघालेल्या मुखवटाधारी नायकांच्या स्वस्त चित्रपटांना अमेरिकी कॉमिक्सची हलकी नक्कल म्हणून बाजूला सारले जाते. मीही बरीच वर्षे तेच मानत होतो. निक नोस्त्रोच्या ‘सुपरआर्गो कॉन्त्रो दियाबोलिकुस’ (१९६६) या इटालियन-स्पॅनिश चित्रपटाने माझे मत बदलले.

कथा बेताचीच. कुस्तीत हातून चुकून प्रतिस्पर्ध्याचा जीव गेल्याने खचलेला मुखवटाधारी मल्ल पुढे गुप्तहेर होतो. पण मुखवट्याआड कोण आहे? जोव्हान्नी चान्फ्रील्या, १९५८च्या ‘हर्क्युलिस’मधला स्टीव्ह रीव्ह्जचा डुप्लिकेट. तिथे धोका याचा आणि चेहरा रीव्ह्जचा.

मुखवट्याचे अर्थकारण इथे उलगडते. नायकाचा चेहरा झाकला की नावाजलेला नट लागत नाही. जो उडी मारतो तोच नायक होतो, त्यामुळे मारामारीत डुप्लिकेट लपवण्याची कसरतही उरत नाही. गरिबीतून निघालेली ही युक्ती सुपरआर्गोच्या हालचालींना खरेपणा देते.

मात्र श्रेयनामावलीत चान्फ्रील्या नाही, ‘केन वूड’ आहे. परदेशी बाजारपेठेसाठी इंग्रजी नावे घेण्याचा तेव्हा इटलीत रिवाजच होता. म्हणजे डुप्लिकेट नायक झाला, तेव्हाही चेहरा झाकलेला आणि नाव परके.

मारिओ बाव्हाचा ‘दियाबोलिक’ (१९६८) कलादृष्ट्या सरस आहे, हे मला मान्य आहे. पण पडद्यावर घाम कोणाचा आणि नाव कोणाचे, हा प्रश्न सुपरआर्गोच विचारायला लावतो. त्याला निव्वळ नक्कल म्हणताना आपण त्या माणसाला पुन्हा एकदा झाकत असतो.