‘पाठलाग’ : कुटुंबरहस्य आणि स्मृतीची विश्वासार्हता

सारांश

राजा परांजपे दिग्दर्शित ‘पाठलाग’ (१९६४) हा मराठी चित्रपट रहस्यपट म्हणून ओळखला जातो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार स्मृती, साक्ष आणि कुटुंबातील स्त्रीची ओळख या तीन अंगांनी केला आहे. चित्रपटातील रहस्य गुन्हेगाराचा शोध घेण्यात नसून पतीच्या स्मृतीवर ठेवलेल्या विश्वासात आहे, आणि ते रहस्य निर्माण होण्याचे खरे कारण कौटुंबिक प्रतिष्ठेसाठी बाळगलेले मौन हे आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : रहस्यपट, स्मृती, साक्ष, ओळख, तोतया, कुटुंबप्रतिष्ठा.

प्रस्तावना

मराठी समीक्षेने रहस्यप्रधान साहित्याकडे आणि चित्रपटाकडे फारसे गांभीर्याने पाहिलेले नाही. रंजन हाच त्याचा एकमेव हेतू मानला गेला. वस्तुतः रहस्यकथा ही समाजाला काय लपवावेसे वाटते याची नोंद असते. ज्या समाजात काहीच लपवायचे नाही, तेथे रहस्यकथा जन्म घेणार नाही. या दृष्टीने ‘पाठलाग’चे पुनर्वाचन उपयुक्त ठरते.

‘लाखाची गोष्ट’ आणि ‘जगाच्या पाठीवर’ यांसारख्या चित्रपटांमुळे राजा परांजपे यांचे नाव मराठी रसिकांना परिचित होते. ‘पाठलाग’मध्ये त्यांनी वेगळी वाट धरली. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांच्या प्रमुख भूमिका, दत्ता डावजेकर यांचे संगीत आणि आशा भोसले यांच्या आवाजातील मनात रेंगाळणारे गीत यांमुळे चित्रपट लोकप्रिय झाला. त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पुढे राज खोसला यांनी १९६६ मध्ये ‘मेरा साया’ या नावाने त्याची हिंदी आवृत्ती केली. तत्पूर्वी १९६५ मध्ये तमिळमध्येही तो ‘इदय कमलम’ या नावाने अवतरला होता. एका मराठी कथावस्तूने दोन वर्षांत दोन भाषा ओलांडाव्यात, यावरून तिच्यातील प्रश्न केवळ प्रादेशिक नव्हता हे स्पष्ट होते.

कथावस्तू आणि तिची रचना

कथासूत्र थोडक्यात असे. एका वकिलाची पत्नी मरण पावते. तिच्या मृत्यूचा तो स्वतः साक्षी आहे. काही काळाने पोलीस एका गुन्हेगार स्त्रीला पकडतात. ती हुबेहूब त्याच्या पत्नीसारखी दिसते आणि आपण त्याची पत्नीच आहोत असे सांगते. प्रकरण न्यायालयात जाते. संसारातील खासगी गोष्टी ती अचूक सांगते, तरीही पतीचा विश्वास बसत नाही. अखेरीस उलगडा होतो की, पत्नीला एक जुळी बहीण होती आणि ही गोष्ट तिने सासरी लपविली होती. जिचा मृत्यू झाला ती बहीण होती. न्यायालयात उभी असलेली स्त्री खरोखरच पत्नी आहे.

या रचनेचे वैशिष्ट्य असे की, प्रेक्षकाला आरंभापासून पतीच्या बाजूने उभे केले जाते. त्याने पाहिले तेच आपण पाहिलेले असते. तो सुशिक्षित आहे, कायद्याचा जाणकार आहे, पत्नीवर त्याचे निस्सीम प्रेम आहे. अशा माणसाची आठवण चुकेल अशी शंकाही मनात येत नाही. म्हणून चित्रपटभर संशय एकाच व्यक्तीवर राहतो, तो म्हणजे स्वतःविषयी बोलणाऱ्या स्त्रीवर. शेवटी मात्र सत्य तिचे ठरते आणि चूक पतीच्या खात्रीची ठरते. सामान्य रहस्यपटात ‘खुनी कोण?’ हा प्रश्न असतो. येथे ‘आठवण कोणाची खरी?’ हा प्रश्न आहे.

स्मृती आणि ज्ञान

पतीने पत्नीला ओळखण्यात चूक करावी हे अनेकांना अतिरंजित वाटेल. परंतु मानसशास्त्राचा निष्कर्ष वेगळा आहे. फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखविले की, स्मरण म्हणजे साठवलेल्या चित्राची जशीच्या तशी पुनरावृत्ती नसून ती प्रत्येक वेळी नव्याने केलेली मांडणी असते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये अपघाताच्या चित्रफिती दाखवून प्रयोग केले. प्रश्नातील क्रियापद अधिक जोरकस केले की पाहणाऱ्यांनी सांगितलेला गाड्यांचा वेग वाढत असे. आठवड्यानंतर तर, न फुटलेली काच फुटल्याचे आठवणाऱ्यांची संख्याही त्या गटात अधिक आढळली. तात्पर्य, अपेक्षा आणि भाषा या दोन्ही गोष्टी स्मृती घडवितात.

‘पाठलाग’मधील पतीला आपल्या घरात, आपल्या पत्नीच्या जागी, पत्नीचाच चेहरा दिसतो. दुसऱ्या शक्यतेची कल्पना त्याला नाही, कारण जुळ्या बहिणीचे अस्तित्वच त्याच्यापासून लपविलेले आहे. त्याची स्मृती खोटी नाही. अपुऱ्या माहितीवर उभी असल्याने ती चुकीची आहे. येथे रहस्य आणि स्मृती यांचा कार्यकारणभाव स्पष्ट होतो. घरातील मौन हे स्मृतिभ्रमाचे मूळ आहे.

न्यायालयातील प्रसंगांत आणखी एक सूक्ष्म भेद दिसतो. स्त्री जे सांगते ते तिचे स्मरण आहे, पण ऐकणाऱ्यांना ती केवळ कोठून तरी मिळविलेली माहिती वाटू शकते. एखादी गोष्ट माहीत असणे आणि ती जगलेली असणे यांतील अंतर बाहेरून सिद्ध करता येत नाही. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ मधील कलम ९ नुसार व्यक्तीची ओळख प्रस्थापित करणारी तथ्ये न्यायालयात सुसंगत ठरत. १ जुलै २०२४ पासून त्या अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी तत्त्व तेच आहे. कायदा तथ्ये तपासू शकतो. सहजीवनाची साक्ष मात्र त्याच्या कक्षेत पूर्णपणे येत नाही.

तोतयाची परंपरा

मेलेली व्यक्ती परत येऊन आपली ओळख सांगते, ही कल्पना मराठी मनाला नवी नाही. १७६१ च्या पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ असल्याचा दावा करणारा तोतया पुढे आला. कोकणात त्याला पाठबळ मिळाले आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकर यांनी या घटनेवर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी पतीचा मृत्यू मान्य केला नाही आणि १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत वैधव्य स्वीकारले नाही, असे इतिहास सांगतो. बंगालमधील भवाल संस्थानाचा खटला हेही याचे प्रसिद्ध उदाहरण होय. १९०९ मध्ये दार्जिलिंग येथे मरण पावल्याचे मानलेला कुमार संन्यासी वेषात परतल्याचा दावा झाला. हजारांहून अधिक साक्षीदार तपासले गेले. १९३६ मध्ये निकाल संन्याशाच्या बाजूने लागला आणि १९४६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो कायम ठेवला. पत्नीने मात्र त्याला अखेरपर्यंत ओळख दिली नाही.

या उदाहरणांशी तुलना करता ‘पाठलाग’चे वेगळेपण ध्यानात येते. भाऊ किंवा कुमार असल्याचा दावा करणारा पुरुष आहे. त्याच्यामागे सैन्य, रयत, आप्त, नोकर असे शेकडो साक्षीदार उभे राहू शकतात, कारण पुरुषाची ओळख सार्वजनिक असते. विवाहित स्त्रीची ओळख मात्र घराच्या चार भिंतींत सामावलेली. माहेर लपविलेले, सासरचा एकमेव महत्त्वाचा साक्षीदार म्हणजे पती, आणि तोच तिला नाकारतो. अशा स्त्रीजवळ स्वतःच्या शब्दाखेरीज काही उरत नाही. चित्रपटाने हा पेच नेमका पकडला आहे.

कुटुंबरहस्याचे मूळ

पत्नीने बहिणीचे अस्तित्व का लपविले, हा प्रश्न समीक्षकाने टाळता कामा नये. माहेरची बदनामी सासरी कळली तर संसार टिकणार नाही, ही तिची भीती आहे. ही भीती तिची वैयक्तिक दुर्बलता नव्हे. कुळाची शुद्धता पाहून सून आणणाऱ्या समाजाने ती तिच्या मनात रुजविलेली आहे. जयवंत दळवी यांच्या ‘बॅरिस्टर’ (१९७७) या नाटकातही घराण्याचे रहस्य माणसाला ग्रासते. विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली विक्रम गोखले यांनी गाजविलेल्या या भूमिकेत घराण्यातील वेडाची छाया नायकाचा पिच्छा सोडत नाही. मात्र तेथे रहस्य उघडे आहे आणि त्याचा परिणाम अटळ वाटतो. ‘पाठलाग’मध्ये रहस्य झाकलेले आहे आणि ते वेळीच उघड झाले असते तर सारा अनर्थ टळला असता. म्हणून ‘बॅरिस्टर’ शोकात्म ठरते, तर ‘पाठलाग’मध्ये सामाजिक टीकेची शक्यता अधिक आहे.

मर्यादा

ही शक्यता चित्रपट पूर्णत्वास नेत नाही, हे मान्य केले पाहिजे. जुळ्या बहिणीची योजना ही रहस्यपटाची सोयीची युक्ती आहे. शिवाय उलगडा झाल्यावर पतीपत्नीचे मीलन होते आणि सारे प्रश्न मिटल्यासारखे होतात. आपल्याच पत्नीला परकी ठरविणाऱ्या पतीने स्वतःच्या खात्रीचा जाब स्वतःला विचारला पाहिजे होता. जी बहीण दुसरीच्या नावाने मेली आणि दुसरीच्या नावाने जिचे अंत्यसंस्कार झाले, तिच्यासाठी कोणी शोक करीत नाही. चित्रपटातील सर्वांत करुण पात्र तेच आहे, आणि त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले गेले आहे.

समारोप

‘पाठलाग’चे महत्त्व त्याच्या कलाटणीत नाही. कलाटणी एकदा कळली की संपते. परंतु दुसऱ्यांदा पाहताना प्रेक्षक स्त्रीच्या बाजूने ऐकू लागतो आणि आपण पहिल्या वेळी तिच्यावर अविश्वास का ठेवला, असा प्रश्न त्याला पडतो. हे आत्मपरीक्षण हीच या कलाकृतीची खरी कमाई होय.

जालन्यासारख्या ठिकाणच्या महाविद्यालयांतून मराठी, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र हे विषय स्वतंत्रपणे शिकविले जातात. एकच चित्रपट तिन्ही वर्गांत दाखवून त्यावर एकत्र चर्चा घेतली, तर विद्यार्थ्यांना साहित्यकृतीची अनेक अंगे सहज उमगतील. विशेषतः विद्यार्थिनींना विचारावे, न्यायालयात उभ्या असलेल्या त्या स्त्रीने आणखी काय सांगितले असते तर तिच्यावर विश्वास ठेवला गेला असता? त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्या चित्रपटापलीकडे, आपल्या घरांकडेही पाहू लागतील.