‘मनीबॉल’: गेलेल्या गड्याची बाजू

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सुरू व्हायच्या आधी आणखी एक हंगाम असतो. केएसएकडं, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडं, खेळाडूंची नोंदणी सुरू झाली की कट्ट्याकट्ट्यावर एकच विषय निघतो: कोण कुठं गेला? पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या संघांच्या नावातच तालीम आहे. तालीम म्हणजे पेठ आणि पेठ म्हणजे घर. त्यामुळं गोल मारणारा पोरगा दुसऱ्या संघात गेला की तो ‘गेला’ असं कुणी म्हणत नाही, ‘फुटला’ म्हणतात. त्याच आठवड्यात आपल्या तालमीनं बाहेरून परदेशी खेळाडू आणला, तर ती मात्र ‘संघबांधणी’ असते.

अशाच दिवसांत मी ‘मनीबॉल’ पुन्हा पाहिला. बेनेट मिलरचा, ब्रॅड पिटचा, 2011 सालचा. मायकल लुईसच्या 2003 मधल्या पुस्तकावर तो बेतलेला आहे. बेसबॉलचं ओ की ठो कळत नसलं तरी आवडावा असा सिनेमा आहे. सुरुवातीलाच पडद्यावर दोन आकडे येतात: न्यूयॉर्क यँकीजच्या खेळाडूंवरचा खर्च 11 कोटी 44 लाख डॉलर, ओकलंड ए’जचा 3 कोटी 97 लाख. 2001 ला ओकलंड यँकीजकडून हरतं आणि त्यानंतर त्यांचे तीन मोहरे एकदम जातात. जेसन जियांबी यँकीजकडं, जॉनी डेमन बॉस्टनकडं, जेसन इझ्रिंगहाउसन सेंट लुईसकडं. तिघांचेही करार संपलेले, म्हणजे तिघं ‘फ्री एजंट’. आता हातात चिंचोके असताना मॅनेजर बिली बीन संघ कसा उभा करतो, ही गोष्ट.

त्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे. जियांबीसारखा दुसरा जियांबी शोधायचा नाही. तो जे काम करायचा ते काम तिघांत वाटून घ्यायचं. दिसायला भारी कोण हे बघायचं नाही, बेसवर पोहोचतो कोण हे मोजायचं. जुन्या निवडकर्त्यांच्या टेबलावरचा प्रसंग आजही तितकाच जोरकस वाटतो. कोपर निकामी झाल्यामुळं कुणालाच नको असलेल्या स्कॉट हॅटेबर्गला नवी जागा खेळायची ऑफर मिळते, तो प्रसंग तर त्याहून सुंदर. बिली त्याला सांगतो, हे काही अवघड नाही. शेजारी बसलेला प्रशिक्षक लगेच सांगतो की फार अवघड आहे. हॅटेबर्गच्या चेहऱ्यावरची भीती हा सिनेमातला सगळ्यात खरा क्षण आहे.

पण या वेळी मला एक माणूस सतत आठवत राहिला, जो सिनेमात जवळजवळ नाहीच. गेलेला गडी. जियांबी इथं माणूस म्हणून येत नाही, खड्डा म्हणून येतो. तो का गेला, हे विचारायची कुणाला गरज वाटत नाही. जास्त पैसे मिळाले, विषय संपला.

‘फ्री एजंट’ हा शब्द इतका सोपा नाही. अमेरिकी बेसबॉलमध्ये एकेकाळी करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क क्लबकडंच राहायचा. 1969 मध्ये कर्ट फ्लडला त्याच्या क्लबनं दुसरीकडं देऊन टाकलं. त्यानं जायला नकार दिला आणि तो कोर्टात गेला. 1972 मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात हरला. त्याची कारकीर्दही संपली. ते बंधन सैल झालं 1975 च्या लवादाच्या निकालानं. तरी आजही सर्वोच्च स्तरावर साधारण सहा वर्षं काढल्याशिवाय खेळाडू मोकळा होत नाही.

ही सहा वर्षं ध्यानात ठेवून 2002 चा ओकलंड संघ बघा. त्या हंगामात त्यांनी 103 सामने जिंकले. बॅरी झिटोच्या नावावर 23 विजय, मार्क मल्डरच्या 19, टिम हडसनच्या 15. तीन पिचर मिळून 57. झिटोला त्या वर्षी लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार मिळाला, तर मिगेल तेहादा सर्वोत्तम खेळाडू ठरला. सलग 20 विजयांच्या विक्रमात विसाव्या सामन्यात हॅटेबर्गनं मारलेला फटका सिनेमानं डोक्यावर घेतलाय. पण अठरावा आणि एकोणिसावा सामना शेवटच्या क्षणी तेहादानं जिंकून दिला होता.

ही चौकडी सिनेमात असून नसल्यासारखी आहे. समीक्षकांनी हे आधीही दाखवून दिलंय, पण बहुतेक वेळा ‘तपशिलाची चूक’ म्हणून. मला ती चूक कथेच्या मुळाशी वाटते. ही पोरं स्वस्त होती, ती कुणी ओळखली नव्हती म्हणून नाही. त्यांना अजून जायची मुभा नव्हती म्हणून. म्हणजे बिलीची हुशारी खरी; पण ती ज्या पायावर उभी होती, तो पाया म्हणजे मोकळे न झालेले खेळाडू. मोकळा झाल्यावर तेहादा 2003 च्या हंगामानंतर गेला, झिटो 2006 नंतर. हडसन आणि मल्डरला तर 2004 च्या डिसेंबरात क्लबनंच दुसऱ्यांना दिलं. सिनेमा त्याआधीच संपतो.

सिनेमाला हे अजिबात जाणवत नाही असं नाही. कार्लोस पेन्या या तरुण खेळाडूला ऑफिसात बोलावून सांगतात, तुला डेट्रॉइटला दिलंय. तो काही बोलत नाही, उठून जातो. अर्ध्या मिनिटात माणसाचं गाव बदललं. पण कॅमेरा त्याच्या मागं जात नाही. हे सांगताना सांगणाऱ्याला किती जड गेलं, तेच बघत बसतो.

याउलट बिली. शेवटी बॉस्टन त्याला 1 कोटी 25 लाख डॉलर देऊ करतं. तेव्हा सिनेमा थांबतो. बिलीला तरुणपणी पैशासाठी घेतलेला निर्णय आठवतो, मुलीचं गाणं ऐकू येतं, डोळे भरतात. जावं की राहावं, या प्रश्नाला पूर्ण वेळ मिळतो तो फक्त मॅनेजरला. तो राहिला म्हणून मोठा. मग जियांबीच्या गाडीत कुठलं गाणं लागलं होतं?

बास्केटबॉलमध्ये हीच गोष्ट उघड्यावर घडली. सात हंगाम क्लीव्हलंडसाठी खेळून, करार पूर्ण करून, 8 जुलै 2010 ला लेब्रॉन जेम्सनं टीव्हीवर सांगितलं की तो मायामीला चाललाय. त्याच रात्री संघमालक डॅन गिल्बर्टनं त्याला विश्वासघातकी ठरवणारं जाहीर पत्र लिहिलं. लोकांनी त्याच्या जर्सी जाळल्या. 61 सामने जिंकणारा संघ पुढच्या हंगामात 19 वर आला, सलग 26 हरला. 2011 च्या ड्राफ्टमध्ये कायरी अर्विंग मिळाला. पण 2016 चं विजेतेपद आलं ते लेब्रॉन 2014 ला परत आल्यावर. जो ‘फुटला’ होता, तोच.

म्हणून ‘मनीबॉल’ बघूच नका, असं मी म्हणणार नाही. जरूर बघा. मोहरे गेल्यावर रडत न बसता हाताशी असलेल्यांत काय आहे ते बघायचं, हे तो फार चांगलं शिकवतो. फक्त तो संघमालकाच्या खुर्चीतून सांगितलेला सिनेमा आहे, हे विसरू नका. आणि ती खुर्ची आपल्यालाही आवडते. खिशात मोबाइल घेऊन शाहू स्टेडियमच्या पायरीवर बसलेला आपल्यातला प्रत्येक जण मनातल्या मनात मॅनेजरच असतो.

पुढच्या नोंदणीत आपल्या तालमीतला कुणीतरी पुन्हा जाईल. ‘फुटला’ म्हणण्याआधी त्याला विचारायला हवं. गेल्या हंगामात गुडघा गेला तेव्हा दवाखान्यात सोबत कोण होतं? बाकावर किती सामने काढले? घरी कोण कमावतं? उत्तर ऐकून राग जाईलच असं नाही. पण निदान तो खड्डा नव्हता, माणूस होता, एवढं तरी कळेल.