किनारा कुणी शोधला?

मॅथ्यू फ्लिंडर्सचे ‘अ व्हॉयेज टू टेरा ऑस्ट्रेलिस’ हे प्रवासवर्णन १८१४ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या प्रस्तावनेत टास्मानियाच्या प्रदक्षिणेची हकिगत आहे. ‘शोध’ हा शब्द लेखणीने कसा घडवला जातो, हे तिच्यात स्वच्छ दिसते.

ऑक्टोबर १७९८ मध्ये फ्लिंडर्स आणि जॉर्ज बास ‘नॉरफोक’ या २५ टनी, एका डोलकाठीच्या गलबतातून सिडनीहून निघाले. सोबत आठ खलाशी. पश्चिमेच्या कातळी, वादळी किनाऱ्याने ते दक्षिणेला उतरले आणि जानेवारी १७९९ मध्ये परतले. टास्मानिया बेट आहे, हे युरोपला कळले. हे धाडस खरे आहे. ते नाकारण्याचे कारण नाही. नोंदी काटेकोर, भाषा संयत. सामुद्रधुनीला बासचे नाव द्यावे, अशी शिफारस फ्लिंडर्सनेच केली.

पण हे औदार्य कुठे थांबते? आठ खलाशी केवळ आकडा राहतात. टास्मानच्या १६४२ च्या दोन जहाजांची नावे पश्चिमेच्या डोंगरांना मिळतात. त्या डोंगरांना तिथली माणसे काय म्हणत, हे पुस्तकात नाही. ती माणसे किमान ३५ हजार वर्षे तिथे राहत होती. झाडाच्या सालीच्या मोळ्या बांधून केलेल्या नावांतून जवळच्या बेटांवर जात होती. १८०२ मध्ये बोदँच्या फ्रेंच मोहिमेतील चित्रकारांनी त्या नावा चितारल्या आहेत. मग तो किनारा अज्ञात कुणाला होता?

काळच तसा होता, असे कुणी म्हणेल. पण १७९९ च्या उत्तरेकडील सफरीत सोबत असलेला आदिवासी बुंगारी याच पुस्तकात नावानिशी, कौतुकासह येतो. म्हणजे नाव लिहिणे अशक्य नव्हते. गलबतावर जो उपयोगी, तो नावाला पात्र, किनाऱ्यावरचा नाही.

नकाशामागोमाग १८०३ मध्ये ब्रिटिश वसाहत आली. १८३० च्या दशकात कत्तलींतून आणि रोगांतून वाचलेल्या मूळ रहिवाशांना सामुद्रधुनीतील ज्या बेटावर नेऊन ठेवले, ते फ्लिंडर्सच्याच नावाचे. तिथे बहुतेक मेले. तरी त्यांचे वंशज आज आहेत आणि आपल्या भाषेतील स्थळनावे परत मागत आहेत.

मी महाविद्यालयात शिकवतो. ‘शोध कुणी लावला?’ हा एका गुणाचा प्रश्न आमची मुले पाठ करतात. गावकुसाबाहेरच्या वस्तीलाही गावाने कधी तिचे नाव विचारून दिलेले नाही. म्हणून या मुलांनी फ्लिंडर्स जरूर वाचावा. पण पानोपानी विचारावे, तिथे आधी कोण होते?