चळवळीची व्याख्या आणि कवितेची व्याप्ती

तरुणांच्या चळवळींतून निर्माण होणाऱ्या वाङ्मयाचे मोल ठरविताना आपली टीका बहुधा चळवळीचेच माप वापरते. चळवळ वाढीस लागली की त्या वाङ्मयाचे तेज वाखाणले जाते. ती फुटली की तेच वाङ्मय ओसरलेल्या आवेशाचा अवशेष ठरते. दलित पँथरच्या संदर्भात हे माप तपासून पाहणे अगत्याचे आहे. कारण तेथे पुढारी आणि लेखक एकच होते.

१९७२ साली मुंबईत ही संघटना स्थापन झाली. रिपब्लिकन पक्ष गटबाजीने दुबळा झाला होता आणि खेड्यापाड्यांतून अत्याचारांच्या वार्ता येत होत्या. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार हे तिचे प्रवर्तक तरुण होते, आणि ते लिहिणारेही होते. त्याच वर्षी 'साधना'तील ढाले यांच्या 'काळा स्वातंत्र्यदिन' या लेखाने वादळ उठविले, आणि त्याच वर्षी तेवीस वर्षांच्या ढसाळांचा 'गोलपिठा' विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला.

१९७३ च्या जाहीरनाम्याने 'दलित' या शब्दाची कक्षा रुंदावली. अनुसूचित जाती-जमाती व नवबौद्ध यांच्याबरोबर कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी आणि स्त्रिया यांनाही तिने सामावून घेतले. याच व्याख्येवरून पुढे तीव्र मतभेद झाले. तीत ढाले यांना साम्यवादाची छाया दिसली. आंबेडकरी विचार आणि बौद्ध जीवननिष्ठा यांचा आधार सुटेल, अशी त्यांची धारणा होती. १९७४ मध्ये संघटना दुभंगली.

ढाले यांचा आक्षेप हलका लेखता येणार नाही. सर्वांना कवेत घेणारा शब्द अस्पृश्यतेच्या विशिष्ट वेदनेला धूसर करू शकतो. जाहीरनाम्याला या आक्षेपाचे उत्तर देता आले नाही, कारण जाहीरनामा यादी करतो. कविता मात्र माणूस उभा करते. 'गोलपिठा'तील मंदाकिनी पाटील ही तरुण वेश्या पाहावी. गावच्या सत्तेची आठवण देणारे तिचे आडनाव त्या वस्तीत तिला कोणतेच संरक्षण देत नाही. जाहीरनाम्यातील 'स्त्रिया' हा एक शब्द येथे एका देहाचे आणि एका नावाचे रूप घेतो. शिवाय तिच्याकडे पाहणाऱ्या कवीची दृष्टी स्वतःच्या अनुभवातून आलेली असल्यामुळे तिच्या दुःखाने जातीचे दुःख झाकले जात नाही. व्यापकता आणि विशिष्टता यांचा जो मेळ संघटनेला साधला नाही, तो येथे साधला आहे.

या कवितेतील शिवराळपणावर पुष्कळ लिहिले गेले. त्या शब्दांचे कार्य मात्र निव्वळ धक्का देण्याचे नाही. मराठी काव्यभाषेने ज्या वस्तीला नावच दिले नव्हते, तिला तिच्याच बोलीत नाव देणे ही राजकीय कृती होती. आणि ती काव्यातच घडू शकत होती.

१९७७ मध्ये ढाले व पवार यांनी संघटना विसर्जित केल्याचे जाहीर केले. अन्य गटांनी तिचे नाव पुढे चालविले. २००४ साली साहित्य अकादेमीने ढसाळांचा जीवनगौरव केला. परंतु विसर्जनाने या कवितेचे मोल घटत नाही आणि गौरवाने ते सिद्धही होत नाही. चळवळीने उभा केलेला प्रश्न कवितेने किती खोलवर नेला, एवढेच टीकेने विचारावे. 'दलित कोण?' हा प्रश्न 'गोलपिठा'च्या वाचकाला आजही टाळता येत नाही.